सातवं प्रॅक्टिकल

एप्रिल लागला की आमच्या स्टाफरूमला खाकी कागदाचा वास येतो. टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे म्हणून जागा दिसेल तिथे जर्नलं. एकेका बॅचचा एकेक गठ्ठा. पंखा पाचावर असला तरी वारा नुसते कागद फडफडवतो, अंगाला काही लागत नाही. आणि दारात मुलं. "मॅडम, सही?" "मॅडम, एकच प्रॅक्टिकल राहिलंय, प्लीज ना." "मॅडम, इंडेक्सवर मागची तारीख टाकू का?" मी मान वर न करता सह्या ठोकत असते. शंभरेक सह्या झाल्या की आपलंच नाव परकं वाटायला लागतं, तसं मला दर एप्रिलमध्ये वाटतं.

ज्यांनी कॉम्प्युटर सायन्सचं जर्नल कधी पाहिलेलं नाही, त्यांना हे सांगून पटत नाही. पण आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्राम वहीत हाताने लिहितो. उजवीकडच्या रेघांच्या पानावर निळ्या पेनाने प्रोग्राम, डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चौकट आखून आउटपुट, म्हणजे मशीनने काय उत्तर दिलं ते. खाडाखोड नको, व्हाइटनर नको. प्रत्येक प्रॅक्टिकलखाली मॅडमची सही, पहिल्या पानावर सर्टिफिकेट आणि त्यावर शिक्का. शिक्का नाही तर परीक्षा नाही. आणि यातलं मशीनवर करून बघितलेलं किती? कसलं काय! गेल्या वर्षीच्या सिनियरचं जर्नल आणायचं आणि उतरवायचं. त्याने त्याच्या सिनियरचं उतरवलेलं असतं. नाव विचारून नमस्कार करणारा एक प्रोग्राम आहे, त्याच्या आउटपुटमध्ये आमच्या अख्ख्या वर्गाने 'हॅलो वैशाली' लिहिलं होतं. मुलांनीसुद्धा. ही वैशाली कोण, कुठल्या बॅचची, आज कुठे असते, देव जाणे.

मी दुसऱ्या वर्षाला होते तो एप्रिल मला मात्र तारीखवार आठवतो.

काळाचौकीला आमची खोली, पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, नंबर एक. मजल्यावर सगळ्या मिळून नऊ. खोलीत आई, बाबा, दादा, वहिनी, तिचं चार महिन्यांचं बाळ आणि मी. बाबांची रात्रपाळी, म्हणजे ते दिवसा झोपणार. तेव्हा दिवसा दिवा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, भांडं पडू द्यायचं नाही. बाळ रडलं की वहिनी त्याला घेऊन गॅलरीत, आणि गॅलरीत पापड, कुरडया, वाळत घातलेल्या मिरच्या. पाय ठेवायला जागा नाही. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून वाचायची. कोणाला हात धुवायचे असले की उठायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा उठत असेन. गंमत म्हणून सांगत नाही, मला तेव्हा खरोखर वाटायचं की मी अशीच उठबस करत म्हातारी होणार.

आणि याच खोलीत दादाचा जुना मोबाइल माझ्या हातात आला. काच एका कोपऱ्यातून तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत टिकणारी. पण त्यात प्रोग्राम लिहून चालवता येतो, हे ज्या दिवशी मला कळलं ना, त्या दिवशी मी जेवले नाही. अंगठ्याने एकेक चिन्ह टाइप करायचं, अर्धविराम सापडायला तीनदा कीबोर्ड बदलायचा, आणि मग ते चालायचं. आपण सांगितलेलं कोणीतरी ऐकतंय! घरात सहा माणसं होती, पण मी सांगितलेलं ऐकणारं ते पहिलंच. कुठल्यातरी परदेशी प्राध्यापकाचे व्हिडिओ बघायची, हळू गतीने, तरी इंग्रजी डोक्यावरून जायचं. मग थांबवायचं, शब्द शोधायचा, पुन्हा मागे न्यायचं. एका तासाचं व्याख्यान मला चार दिवस पुरायचं. कॉलेजात तेच पंधरा मिनिटांत उरकलेलं असे आणि पुढचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते सिलॅबसमध्ये नाही." मला तर जे जे सिलॅबसमध्ये नाही तेच हवं असायचं. वेड लागलं होतं, दुसरं काय.

मंडळाच्या ऑफिसच्या वर अभ्यासिका होती. तिथे बसायला मिळायचं, पण मोबाइल दारातल्या डब्यात ठेवून. "मोबाइल म्हणजे गेम," असं तिथल्या काकांचं ठाम मत. आता माझा कॉम्प्युटरच मोबाइलमध्ये, हे त्यांना कसं सांगणार? एकदा सांगून पाहिलं तर म्हणाले, "बाळा, सगळे असंच सांगतात." मग आत बसून मी कागदावरच प्रोग्राम चालवायची. मी स्वतःच मशीन. आकडे लिहायचे, खोडायचे, पुढच्या ओळीवर जायचं. शेजारी बँकेच्या आणि पोलीस भरतीच्या परीक्षा देणारे बसलेले असत. ते माझ्याकडे दयेने बघत.

सातवं प्रॅक्टिकल मी असंच कागदावर चालवलं आणि अडकले.

ते होतं शोधण्याचं. क्रमाने लावलेल्या यादीतून एक आकडा शोधायचा. सगळे एकेक करून बघत बसायचं नाही, मधला बघायचा. आपल्याला हवा तो त्याहून लहान असेल तर पुढची अर्धी यादी टाकून द्यायची, मोठा असेल तर मागची. उरलेल्यातला पुन्हा मधला. सुंदर आहे हो ते, आजही शिकवताना माझा आवाज चढतो. पण मॅन्युअलमध्ये, म्हणजे कॉलेजने छापलेल्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकात, जो प्रोग्राम होता त्यात एक चिन्ह राहिलं होतं. त्यामुळे यादीत शेवटी एकच आकडा उरला की तो न बघताच प्रोग्राम थांबायचा आणि जाहीर करायचा, सापडला नाही.

माझा विश्वास बसेना. छापलेलं चुकीचं कसं असेल? घरी येऊन मोबाइलवर चालवलं, तेच. मग म्हटलं डोळ्यांनीच बघू. आमच्या मजल्यावर खोल्या नऊ, क्रमाने लागलेल्या. हातात कागद घेऊन निघाले. शोधायची कुठली? आमचीच, नंबर एक. सुरुवात मधल्या पाच नंबरपासून. गावडेकाकू दारात तांदूळ निवडत होत्या. पाचाहून एक लहान, म्हणजे पुढच्या चारही खोल्या बाद. उरल्या एक ते चार. त्यातला मधला धरायचा दोन. दोनाहूनही एक लहान. आता उरली फक्त आमची खोली, हाताच्या अंतरावर, दार उघडं, आतून बाबांचं घोरणं ऐकू येतंय. आणि प्रोग्राम म्हणतो, थांबा. सापडली नाही.

मी पुन्हा काकूंच्या दारात. मग नऊ नंबर शोधला, तोही नाही. असं करत नऊच्या नऊ खोल्या तपासल्या. एक, चार, सहा आणि नऊ, या चार खोल्या त्या प्रोग्रामच्या लेखी या जगातच नव्हत्या.

"काय गो, सकाळपासून दारां कित्याक मोजतंस?" आई ओरडली. ती मालवणची, चिडली की मालवणीच येते तोंडात.

"आणि दर खेपेला माझ्याच दारात का येतेस गं मेली?" गावडेकाकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही मधल्या आहात. तुमच्यापासूनच सुरुवात करायची असते."

"बघ गं," काकू आईला म्हणाल्या, "घरात कोण किंमत देत नाही, हिच्या कॉलेजात देतात."

दोघी हसल्या, मी त्यांच्याहून जास्त हसले. इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते. आणि इतकी वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही, तेही मला कळलं. मॅन्युअलमधल्या नमुना आउटपुटमध्ये शोधलेला आकडा बरोब्बर मधला होता. पहिल्याच फटक्यात सापडणारा. सगळ्यांनी तोच उतरवला. दुसरा आकडा घालून बघावा असं कोणाला वाटलंच नाही.

मी जर्नलमध्ये दुरुस्त करून लिहिलं. एकच चिन्ह जास्त. डावीकडे आउटपुट लिहिलं नऊच्या नऊ आकड्यांचं, पेन्सिलीने नऊ चौकटी आखून.

त्याच सुमारास मला एक गोष्ट मिळण्याच्या बेतात होती. गिरगावात एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात महिनाभराचा वर्ग असायचा, दुसऱ्या वर्षाच्या निवडक मुलांसाठी. रोज दहा ते पाच, एकेकाला एकेक कॉम्प्युटर, आणि सिलॅबस नावाची भानगड नाही. अर्जावर कॉलेजातल्या मॅडमची सही लागायची आणि मुलाखतीला सर्टिफाय केलेलं जर्नल न्यायचं. मला तिथे जायचं होतं. एक महिना मोरीच्या उंबऱ्यावरून उठायचं होतं. त्या वयात मला दुसरं काहीही नको होतं, कपडे नाहीत, मैत्रिणींबरोबर फिरणं नाही, काही नाही.

कर्णिक मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. गुडघे दुखायचे तरी लॅबमध्ये उभं राहून शिकवायच्या, माझा डबा नसला की आपल्यातली पोळी द्यायच्या. त्यांनी सातवं प्रॅक्टिकल पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "हे काय नवीन?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा मानही डोलावली.

"असेल गं, तुझं बरोबरच असेल. पण उद्या एक्स्टर्नल येणार, बाहेरच्या कॉलेजातले परीक्षक. ते मॅन्युअल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघतात. तुझं एकटीचं वेगळं निघालं तर बाकीच्या चाळीस जणांचं काय? त्यांचं चूक ठरेल ना? पोरांच्या मार्कांचा प्रश्न आहे. इथे बरोबर नको बाई, सगळ्यांचं सारखं हवं."

"आणि मॅडम, माझा फॉर्म?"

"जर्नल पूर्ण करून आण ना, दोन्हीवर एकदमच करते सही."

धमकी नव्हती ती. त्यांच्या मते आधी जर्नल, मग फॉर्म, हा साधा क्रम होता. धमकी दिली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

अभ्यासिकेत बसून मी पान फाडलं. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं पलीकडचं जोडपान सुटतं, म्हणजे सातव्याबरोबर बारावंही पुन्हा लिहिणं आलं. तीन तास लागले. चुकीचं आहे हे ठाऊक असलेली एकेक ओळ सुवाच्य अक्षरात लिहायची, आणि त्यात खाडाखोड होऊ द्यायची नाही. ज्या ओळीत ते चिन्ह हवं होतं तिथे पेन आपोआप पुढे जायला बघत होतं, मी ते आवरलं. नऊ चौकटी गेल्या, एक चौकट राहिली. नवी पानं खळ लावून आत चिकटवली. मला रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं, पण राग कोणाचा हेच सापडत नव्हतं. मॅडमचा? त्यांनी पोळी दिलेली. एक्स्टर्नलचा? त्याला मी पाहिलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी जर्नलवर सही केली, फॉर्मवर केली, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नाव काढ हो कॉलेजचं."

गिरगावातली ती इमारत दगडी होती आणि आत शिरल्याबरोबर गार वाटायचं. मुलाखत घेणारे सर साठीचे असतील, शांत बोलणारे. त्यांनी जर्नल हातात घेतलं आणि ते उघडलं ते सातव्यालाच. चिकटवलेल्या पानांमुळे वही तिथे जाड झाली होती, कुणीही उघडली तरी तिथेच उघडली असती. सरांनी प्रोग्राम वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा प्रोग्राम नीट चालतो?"

मी त्या क्षणाचा इतक्यांदा विचार केलाय की आता तो घासून गुळगुळीत झालाय. 'नाही सर' म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग असा का लिहिलास? आणि मग मॅडमचं नाव. ज्यांची सही या पानाखाली आहे, ज्यांची सही माझ्या अर्जावर आहे, त्यांनी मला चुकीचं लिहायला लावलं, असं एका परक्या माणसाला सांगायचं. एवढं सगळं माझ्या डोक्यात फिरलं आणि तोंडातून निघालं, "हो सर."

त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. नऊ आकडे लिहिले, चढत्या क्रमाने. "यातला पहिला आकडा शोधून दाखव बरं. तुझ्याच प्रोग्रामने."

मला पाचवी खोली दिसली. तांदूळ दिसले. मी एकेक पायरी कागदावर लिहीत गेले, जाणूनबुजून सावकाश, जणू पहिल्यांदाच करतेय. मधला. मग दुसरा. मग एकच उरला. मी थांबले.

"नाही सापडत, सर."

"आता लक्षात आलं?" त्यांचा चेहरा उजळला होता. शिकवणाऱ्या माणसाला शिष्याला उमगल्यावर जो आनंद होतो, तो मी आता ओळखते. "प्रत्येक गोष्ट अशी स्वतः तपासून बघावी. पुस्तकात आहे, वर कोणाची सही आहे, म्हणून खरं धरून चालू नये."

"हो सर," मी म्हटलं. "थँक्यू सर."

माझंच मला शिकवलं गेलं आणि मी आभार मानले. मी जिना उतरले. मागे फिरावं, दार ढकलून सांगावं की सर, मला माहीत होतं, मी माझ्या मजल्यावर नऊ दारं फिरून हे शोधलंय, असं तीनदा मनात आलं. बस आली आणि मी चढले.

यादीत माझं नाव नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की प्रश्न विचारण्याची सवय वाढवावी आणि पुढच्या वर्षी जरूर पुन्हा अर्ज करावा. वर्ग तर दुसऱ्या वर्षाच्याच मुलांसाठी होता, हे पत्र लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहिलं नसावं. आई म्हणाली, "नाय झाला तर नाय झाला. घरात बस गो जरा, वहिनीक तेवढोच हातभार." तो मे महिना मी बाळाला मांडीवर घेऊन काढला. गॅलरीत कुरडया होत्याच. मोबाइल पुढचे कितीतरी दिवस मी उघडला नाही, आणि मी का गप्प आहे हे घरात कोणी विचारलं नाही.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. दहा वर्षं होऊन गेली. पुढे एम.एस्सी. केलं, नोकरी लागली ती याच कॉलेजात. कर्णिक मॅडम निवृत्त झाल्या, कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, आणि कपाटात तेच मॅन्युअल. पहिल्या वर्षी मी अर्ज केला, सातव्या प्रॅक्टिकलमध्ये दुरुस्ती करावी म्हणून. "पुढच्या छपाईला बघू," असं ठरलं. दुसऱ्या वर्षीही केला. तिसऱ्या वर्षी गठ्ठे समोर आले तेव्हा एक्स्टर्नल दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि मुलं दारात उभी होती. मी सही केली. एकदा केली की पुढची जड जात नाही, हे फार वाईट आहे.

काल दुपारी ऋतुजा आली. मी शिकवते त्या बॅचची, डिलाइल रोडला राहते, वर्गात फारसं न बोलणारी. जर्नल पुढे केलं. सातवं उघडलं तर प्रोग्राम वेगळा. ते चिन्ह होतं तिथे.

माझं तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं असेल? "अगं, मॅन्युअलसारखं लिहायचं असतं ना, उद्या एक्स्टर्नल येणार." अगदी त्याच चालीत. माझं मलाच ऐकू आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मॅडम, पण ते चालत नाही," ती म्हणाली. "दाखवू?" आणि मी हो म्हणायच्या आत तिने गठ्ठ्यातली नऊ जर्नलं काढली, रोल नंबरांनी टेबलावर ओळीत मांडली आणि मला शिकवायला लागली. मधलं बघा. आता पुढची चार काढून टाका. आता यांतलं दुसरं. इतकं छान समजावत होती! कुठे घाई नाही, कुठे भाव खाणं नाही. मी तिला थांबवू शकले असते, पण थांबवलं नाही. शेवटी एकच जर्नल उरलं, त्यावर तिने बोट ठेवलं.

"बघा मॅडम, हे समोर आहे, तरी तो म्हणतो नाहीये." मग जरा अडखळून म्हणाली, "तुम्हाला माहीतच नसणार हे. माहीत असतं तर तुम्ही सगळ्यांच्या सह्या केल्याच नसत्या."

तिला खरोखर तसं वाटत होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. आणि किती सोपं होतं माझ्यासाठी! 'अरे हो की, लक्षातच आलं नव्हतं गं, थँक्यू ऋतुजा.' एवढं म्हटलं की ती आनंदाने घरी गेली असती, मी चांगली ठरले असते, तिची सहीही झाली असती. वाक्य जिभेवर तयार होतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

ती हसली नाही. तिने टेबलावरच्या नऊ जर्नलांकडे पाहिलं, प्रत्येकावर माझी सही होती, आणि मग माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ त्या नजरेत माझ्याबद्दल जे होतं ते गेलं, मला जाताना दिसलं.

"मग?" ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं आणि तिला सांगितलं, बाहेर उभे आहेत त्या सगळ्यांना आत बोलाव, आणि ज्यांच्या सह्या झाल्यात त्यांनाही.